करडी वायर

नंदकुमार घोगळेच्या वरच्या डाव्या पुढच्या दाताला एक खाच होती. दीड मिलिमीटर खोल, फार तर पावणेदोन. कडा गुळगुळीत, तळ किंचित गोल. वायरीवरचं आवरण वर्षानुवर्षं दातांनी सोललं की दाताला अशी खाच पडते. सोलायला पकड मिळते, पण ती धरायला एक हात लागतो, आणि सिग्नलच्या कामात दोन्ही हात कधी मोकळे नसतात.

अंधेरी पूर्वेला पुलाच्या तोंडाशी वीस फुटी फलक लागला होता. त्यावरच्या हसऱ्या चेहऱ्यात ती खाच बोटाच्या पेराएवढी झाली होती. खाली लिहिलं होतं, ‘नामदार नंदकुमार घोगळे यांचे राज्यमंत्रिपदी नियुक्तीबद्दल हार्दिक अभिनंदन.’ सहदेव घाडीगावकर दुधाची पिशवी हातात घेऊन फलकाखाली उभा होता आणि त्याची जीभ नकळत स्वतःच्या दातावरून फिरत होती. त्याच्याही दाताला तशीच खाच होती. चौदा वर्षांपूर्वी वनमाला म्हणाली, “अहो, फोटोत किती वाईट दिसतं ते,” आणि त्याने रेल्वेच्या दवाखान्यात जाऊन ती बुजवून घेतली. नंदकुमारने घेतली नाही. टीव्हीवरच्या मुलाखतीत कुणीतरी विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, “डॉक्टर भरून देत होते. म्हटलं, राहू दे. रेल्वेने केलेली सही आहे ती.” मुलाखत घेणारी बाई खूश झाली होती.

आपण आपली सही चाळीस रुपयांच्या सिमेंटने पुसून टाकली, असं सहदेवला वाटलं. असं त्याला नंदकुमारच्या बाबतीत नेहमीच वाटायचं. एकाच गँगमध्ये, एकाच शिडीवर, एकाच डब्यातलं खाऊन दोघं दहा वर्षं वावरले. दोघेही कणकवलीकडचे. सहदेव पाच वर्षांनी मोठा. नंदूला टेस्टर कसा धरायचा हे त्याने शिकवलं. आता एकाच्या नावापुढे नामदार लागलं होतं आणि दुसरा शुक्रवारी सिग्नल मेंटेनर म्हणूनच निवृत्त होणार होता.

पण खरी ठसठस ती नव्हती. मोठी झालेली माणसं जगात असतात, त्यांचा हेवा करत बसायला वेळ कुणाला आहे? सहदेवची ठसठस अशी होती, की नंदकुमार ज्या एका गोष्टीवर मोठा झाला ती गोष्ट मुळात सहदेवची होती. आणि ती गोष्ट म्हणजे एक चूक होती.

वीस वर्षं झाली. उपनगरातल्याच एका यार्डाची रिले रूम, म्हणजे सिग्नल चालवणाऱ्या विजेच्या स्विचांची खोली. या खोलीच्या दाराला दोन कुलपं असतात. एका कुलपाची किल्ली स्टेशनमास्तरांकडे, दुसऱ्याची मेंटेनरकडे. कुणा एकट्याला आत जाता येऊ नये म्हणून. जायचं तर आधी लेखी मेमो, मग रजिस्टरात वेळ आणि सही. त्या दुपारी एक सांधा, म्हणजे रूळ जिथे वाट बदलतात ती जागा, नीट मिटल्याची खूण रिलेपर्यंत पोचत नव्हती. खूण नाही, म्हणून सिग्नल लाल. मागे गाड्या तुंबलेल्या. मास्तर घायकुतीला आलेले. “सहदेव, दोन मिनिटांत कर बाबा. कागद मागाहून करू,” म्हणत त्यांनी आपली किल्ली पुढे केली.

सहदेवने सांधा स्वतःच्या डोळ्यांनी बघितला. मिटलेला होता. मग त्याने रिलेवर बाहेरून एक नऊ इंची वायर जोडली. आता खूण येवो न येवो, सिग्नल मिळत होता. तुंबलेल्या गाड्या सुटल्या की वायर काढायची, एवढंच काम राहिलं होतं. त्यांच्या गँगचा एक शिरस्ता होता: तात्पुरती वायर नेहमी लाल लावायची. खोलीतल्या हजारो वायरी करड्या. त्यांत लाल दिसली की आंधळ्यालाही कळावं, ही राहिलीय, काढा. त्या दिवशी पिशवीतली लाल वायर संपली होती. सहदेवने करडी लावली.

आणि तेवढ्यात मास्तरांच्या टेबलावरचा फोन वाजला. वनमालाला प्रसूतिगृहात हलवलं होतं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. सहदेव पिशवी तिथेच टाकून धावत सुटला.

तीन वाजता नंदकुमार ड्यूटीवर आला. त्याला कुणी काही सांगितलं नाही. चार वाजून दहा मिनिटांनी यार्डातून निघालेल्या रिकाम्या गाडीला सिग्नल मिळाला तेव्हा पुढचा सांधा दोन बोटं उघडा होता. मोटरमनची नजर चांगली. त्याने आठ मीटर अलीकडे गाडी उभी केली. कुणाला खरचटलंही नाही. पण वायर शोधायला नंदकुमारला पंचवीस मिनिटं लागली, कारण करड्यात करडी.

संध्याकाळी तो प्रसूतिगृहात आला. पाळण्यात वाकून बघितलं, पोरीच्या मुठीत बोट दिलं आणि सहदेवला व्हरांड्यात ओढून म्हणाला, “मी साहेबांना सांगितलंय, वायर मी लावली.”

“अरे पण नंदू...”

“गप रव. तुझ्या घरात अकरा वर्षांनी पोर आलंय. माझ्या मागे कोण रडतंय? चार महिने सस्पेंड करतील, मग घेतील परत. मास्तर तुझी रजा सकाळपासून दाखवतायत, त्यांचीही मान अडकलीय. पेढे खंय आसत?”

परत घेतलं नाही. चौकशीत नंदकुमार उभा राहिला आणि म्हणाला, “वायर मी लावली. चूक माझी. पण नऊ माणसांच्या कामावर आम्ही चौघं आहोत, ही चूक कोणाच्या नावावर लिहिताय?” हे वाक्य दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, तिसऱ्या दिवशी शेडच्या भिंतीवर आलं. नोकरी गेली त्या दिवशी गेटवर तीनशे माणसं जमली होती. मग युनियनचं ऑफिस, मग नगरसेवक, मग दोनदा आमदार. चूक कबूल करणारा माणूस, अशी त्याची ख्याती झाली. राजकारणात असा प्राणी दुर्मीळ, त्यामुळे लोकांनी त्याला जपलं.

सहदेव पहिली दोन वर्षं गप्प राहिला ती भीतीने. तेवढं कुणीही समजून घेईल. पुढे भीती ओसरली आणि तिच्या जागी जे आलं त्याला नाव द्यायला त्याला बराच काळ लागला. गेटवरच्या सभेत तो मागे उभा राहून ऐकायचा आणि त्याच्या मनात यायचं, ही माझी चूक आहे. माझ्या नावावर असती तर ही माणसं माझ्यासाठी ओरडली असती. लगेच दुसरा विचार यायचा, की तू चौकशीत उभा असतास तर ते वाक्य बोलला नसतास, रडला असतास. हा दुसरा विचार तो मनात फार वेळ टिकू द्यायचा नाही.

बोलून टाकायचं त्याने किती वेळा ठरवलं होतं. मुलीच्या, श्रुतिकाच्या, पहिल्या वाढदिवसाला. नंदकुमार नगरसेवक झाला तेव्हा. त्याची आई गेली तेव्हा, स्मशानातून परत येताना, रिक्षात. प्रत्येक वेळी सहदेव हिशेब मांडायचा आणि उत्तर एकच यायचं. आज नंदू चूक कबूल करणारा माणूस आहे. मी बोललो की तो मित्रासाठी नोकरी ओवाळून टाकणारा माणूस होणार. वीस फुटी फलक तीस फुटी होणार. आणि मी? मी तोच, ज्याला तो वाचवत होता. स्वतःच्या तोंडाने त्याला आणखी एक मजला चढवायचा आणि आपण तळघरात उतरायचं, हे सहदेवला जमत नव्हतं. मागच्या निवडणुकीत तर त्याने मतदानयंत्रावर दुसऱ्याच चिन्हाचं बटण दाबलं होतं. संध्याकाळी शाई लावलेल्या बोटाचा फोटो नंदकुमारला पाठवला. उलट उत्तर आलं, ‘सह्या, तुझं मत म्हणजे आईचा आशीर्वाद.’ त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

दूध घेऊन तो क्वार्टरवर आला तेव्हा श्रुतिका चहाचा कप घेऊन मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. विसावं सरलं होतं तिला. संख्याशास्त्राचं शेवटचं वर्ष आणि दुपारनंतर नंदकुमारच्या संपर्क कार्यालयात लोकांचे अर्ज लावून देण्याचं काम. पगार नव्हता, हौस होती.

“पप्पा, हे बघा. काल मुलुंडला नंदूकाका बोलले. दीड लाख लोकांनी बघितलंय.”

सहदेवने बघितलं. पांढरा शर्ट, बाह्या दुमडलेल्या. नंदकुमार सांगत होता, “माझ्या हातून एक लाल वायर राहिली होती. नऊ इंचांची लाल वायर! आजही सकाळी डोळे उघडले की ती लाल वायर मला दिसते...”

“लाल नव्हती,” सहदेव म्हणाला.

“काय?”

“वायर. लाल नव्हती.”

“तुम्हाला काय माहीत?” श्रुतिका हसली. “तुम्ही तर आईजवळ दवाखान्यात होता ना? माझ्या स्वागताला.”

सहदेवने पिशवीचा कोपरा कापला आणि दूध पातेल्यात ओतलं. “गँगमध्ये बोलतात सगळे,” एवढंच म्हणाला.

“काहीही असो. पण मानलं यार काकांना. किती माणसं असं सगळ्यांसमोर सांगतात, चूक माझी होती म्हणून? आमच्या कॉलेजात एक प्रोफेसर गणित चुकले तर फळा पुसतात, चुकलं म्हणत नाहीत.” कप ठेवता ठेवता तिने सहज विचारलं, “तुमच्या हातून नाही ना झाली कधी एवढी मोठी चूक?”

उत्तर वनमालानेच दिलं, आतून, पोळी लाटता लाटता. “यांच्या हातून? अगं, पस्तीस वर्षांत एक डाग नाही यांच्या सर्व्हिस शीटवर. म्हणून तर भावोजी स्वतः येतायत शुक्रवारी. आणि अहो, ऐकलंत का, त्यांच्यासाठी बांगड्याचं तिखलं करून नेणार आहे मी. हॉलवरचं जेवण त्यांना सोसत नाही.”

लग्नाच्या एकतीस वर्षांत वनमालाने सहदेवसाठी हॉलवर डबा नेला नव्हता.

शुक्रवारी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये एरवी वीसपंचवीस माणसं आली असती. मंत्री येणार म्हटल्यावर दोनशे आली. ज्या साहेबांनी सहदेवला कधी खुर्ची दिली नव्हती ते पहिल्या रांगेत ताटकळत होते. मंचावर बॅनर होता. त्यावर नंदकुमारचा फोटो मोठा आणि सहदेवचा लहान, आणि सहदेवचा फोटो पासावरून घेतलेला, कान कापलेला.

नंदकुमार आला तो सरळ मागच्या खोलीत, जिथे सहदेवला नवा सदरा घालून बसवलं होतं. बरोबरच्या माणसांना त्याने दारातच थांबवलं आणि दार लोटून घेतलं.

“काय रे मेल्या, नवरदेव दिसतंस!”

“ये. बस.”

“बसतो कसला, पाठ गेली माझी गाडीत.” तो भिंतीला टेकून उभा राहिला. केस जवळजवळ पांढरे झाले होते. फलकावर काळे होते. सहदेवला बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाज वाटली, दोन्ही एकदम.

“नंदू, तू लाल वायर का म्हणतोस रे?”

“आं?”

“भाषणात. लाल म्हणतोस. करडी होती.”

नंदकुमार हसला. खाच दिसली. “अरे, सुरुवातीला करडीच म्हणायचो. लोकांच्या डोळ्यांपुढे काहीच येत नाही. लाल म्हटलं की येतं. सभेत माणूस उन्हात बसलेला असतो, त्याला काहीतरी दिसायला नको?”

“पण लाल असती तर तुला दहा सेकंदांत सापडली असती. लाल असती तर काही झालंच नसतं. लाल नव्हती, हीच तर चूक होती.”

“ते तुका नि माका ठाऊक.”

“म्हणजे चूक वेगळीच सांगतोस तू.”

नंदकुमारने त्याच्याकडे नीट बघितलं, मग खुर्ची ओढून बसला, पाठ विसरून. “सह्या, तुला एक सांगू? पहिलं वर्ष मी तुझी वाट बघितली. वाटायचं, आज येशील आणि म्हणशील, चल नंदू, दोघं जाऊन सांगू. नाही आलास. राग आला मला, खोटं कशाला बोलू. मग युनियनचं सुरू झालं, आणि पुढे पुढे भीती वाटायला लागली, आता हा आला तर माझी पंचाईत. माझं सगळं दुकान त्या वायरवर चालतंय.”

“मग मी बोलावं की नको?”

“मी काय सांगू? वायर तुझी.” तो पुन्हा हसला. “बोललास तर विरोधक म्हणतील, चौकशीत खोटं बोलला. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी आमची पोरं मला देव करून टाकतील. तेवढं सोसेल तुला?”

म्हणजे याला माहीत होतं. इतकी वर्षं तो जो हिशेब एकट्याने मांडत होता तो समोरच्या माणसाने कधीच सोडवून ठेवला होता, आणि वर त्याला क्षमाही करून टाकली होती. ती क्षमा सगळ्यांत जास्त लागली. बाहेरून कुणीतरी दार वाजवलं. नंदकुमार उठला, सहदेवच्या सदऱ्याची कॉलर त्याने सारखी केली आणि म्हणाला, “चल. आज तुझा दिवस.”

शाल, श्रीफळ, घड्याळ. साहेबांचं भाषण. मग नंदकुमार उभा राहिला आणि हॉल आपोआप शांत झाला. तो चांगलं बोलला. सहदेवने आपल्याला टेस्टर धरायला कसं शिकवलं, पावसाळ्यात केबलच्या खड्ड्यात कमरेइतक्या पाण्यात तो आधी कसा उतरायचा, हे त्याने सांगितलं, आणि ते खरं होतं. माणसं हसली, काहींनी डोळे पुसले. वनमालाने मांडीवरचा डबा घट्ट धरला होता. तिच्या शेजारी श्रुतिका मोबाइल उभा धरून सगळं टिपत होती.

“आणि या सहदेवची पस्तीस वर्षं बघा,” नंदकुमार म्हणाला. “एक डाग नाही! नाहीतर मी. दहा वर्षांच्या नोकरीत एक लाल वायर, आणि...” त्याने हात हवेत सोडून दिला. लोक हसले. पुढे काय येणार ते त्यांना पाठ होतं. “ती लाल वायर मी लावली नसती, तर आज मीही इथेच तुमच्यात बसलो असतो. लाल वायरीने मला चूक कबूल करायला शिकवलं.”

टाळ्या पडल्या. सहदेवने बघितलं, श्रुतिका एका हातात मोबाइल धरून दुसरा मांडीवर आपटत टाळ्या वाजवत होती. तिचा चेहरा उजळला होता. तो चेहरा तिने घरी कधी केला नव्हता.

त्याच्या हातात माइक आला. खिशात चिठ्ठी होती, तीत चार ओळी, सगळ्यांचे आभार. त्याने ती काढली, उलगडली. अक्षरं दिसत होती, पण वाचता येत नव्हती. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती आणि ती चांगली मुळीच नव्हती. याने माझी चूक घेतली. तिच्यावर घर बांधलं, माझी मुलगी त्या घरात नेऊन बसवली. हे सगळं एक वेळ घेऊ दे. पण तिचा रंग? रंगसुद्धा याच्या सोयीचा? चूक काय होती तेही आता जगात कुणाला ठाऊक राहणार नाही. दोनशे माणसं आज घरी जातील ती लाल वायर घेऊन. श्रुतिका तिच्या मुलांना लाल वायर सांगेल.

“मंत्रीसाहेबांच्या भाषणात,” सहदेव म्हणाला, आणि माइक शिट्टी वाजवून थांबला, “एक दुरुस्ती आहे.”

पहिल्या रांगेत हशा पिकला. मागून कुणीतरी ओरडलं, “मेंटेनर सुटला तरी दुरुस्ती सुटेना!” नंदकुमारही हसत होता. मग त्याने सहदेवच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्याचे ओठ हळूहळू मिटले. खाच दिसेनाशी झाली.

“वायर लाल नव्हती. करडी होती. पिशवीत लाल संपली होती म्हणून करडी लावली. मेमो घेतला नव्हता, रजिस्टरात नोंद केली नव्हती. वेळ दुपारी एक पन्नास.”

हॉलमधला हशा एका कोपऱ्यातून विझत विझत दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत गेला. वनमाला अर्धवट उठली होती, डबा तसाच हातात. श्रुतिकाने मोबाइल खाली केला होता आणि ती नुसत्या डोळ्यांनी बापाकडे बघत होती. टीव्हीकडे, फलकाकडे, नंदूकाकाकडे बघायची तशी नाही, एखाद्या न सुटलेल्या गणिताकडे बघावं तशी.

सहदेवने तिच्याकडे बघून सांगितलं.

“मला माहीत आहे, कारण ती नंदूने नाही, मी लावली होती.”